चेस्टनटच्या दिवसांत मार्रादी: फ्लोरेन्सहून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर

ऑक्टोबर लागला की इटलीत नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो, चेस्टनटचा सीझन चालू झाला म्हणतात पण तो बघायचा कुठे? फ्लोरेन्सच्या चौकात गाडीवर भाजलेल्या चेस्टनटची छोटी पुडी मिळते, ती महाग पण पडते आणि ती खाऊन या फळाबद्दल काहीच कळत नाही. माझं उत्तर एकच, मार्रादी. फ्लोरेन्सच्या ईशान्येला आपेनाइन डोंगरात, लामोने नदीच्या काठी वसलेलं साधारण तीन हजार वस्तीचं गाव आहे आणि गावाभोवतीच्या उतारांवर चेस्टनटच्या बागा आहेत, त्यातली कितीतरी झाडं पिढ्यानपिढ्या उभी आहेत. ऑक्टोबरमधल्या प्रत्येक रविवारी इथे साग्रा देल्ले कास्तान्ये भरतो, म्हणजे चेस्टनटचा उत्सव, तो १९६० च्या दशकापासून चालू आहे.

बहुतेक लोक काय करतात, अकराच्या ट्रेनने येतात, चौकातल्या गर्दीत रांगा लावतात, खातात, फोटो काढतात आणि परत जातात. खाऊन या ना, पण अर्धा दिवस डोंगरावरच्या बागेसाठी ठेवा हे माझं अगदी मनापासून सांगणं आहे, कारण ते झाड, त्याखालची साफ केलेली जमीन, वाकून एकेक फळ गोळा करणारी माणसं हे बघितल्याशिवाय स्टॉलवरच्या अर्ध्या किलोला एवढे पैसे का पडतात ते समजत नाही. म्हणून खाली सगळा दिवस त्याच हिशोबाने लावलाय.

कोणता रविवार धरायचा

पहिल्यांदा जात असाल तर रविवारच धरा. एरवीच्या दिवशी गाव शांत असतं, छान असतं, पण स्टॉल नसतात आणि बरंच काही बंद असतं. त्यातही दुसरा किंवा तिसरा रविवार चांगला, पहिल्या रविवारी फळ नुकतं पडायला लागलेलं असतं आणि उन्हाळा जर कोरडा गेला असेल तर आणखी उशीर होतो.

शेवटच्या रविवारी जाणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. फोन आपोआप बदलतो पण मनगटावरचं घड्याळ बदलत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी सूर्य सव्वापाचच्या आसपास मावळतो. महिन्याच्या सुरुवातीला तोच पावणेसातच्या सुमाराला मावळत असतो, म्हणजे दीड तासाचा फरक. शिवाय गाव दरीत आहे, ऊन त्याच्याही आधी डोंगराआड जातं आणि लगेच गारठा सुटतो. शेवटच्या रविवारी बागेत जायचं असेल तर जेवणाच्या आधी जा, नंतर नको.

ट्रेन

फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून फाएन्त्साकडे जाणारी रिजनल ट्रेन पकडायची, स्टेशनचं नाव मार्रादी-पालात्सुओलो सुल सेनियो. सव्वा ते दीड तास लागतो, काही गाड्यांना बोर्गो सान लोरेन्त्सोला बदलावं लागतं. फाएन्तीना म्हणतात या लाइनला, १८९३ मध्ये पूर्ण झालेली, अजून एकेरी रूळ आणि डिझेलवर चालणारी. डोंगर पोखरून काढलेले बोगदे, मध्येच दरी, मध्येच दोन-चार घरांचं गाव. खिडकीची जागा मिळवा, हा प्रवासच अर्धी सहल आहे. साग्राच्या काही रविवारी जुन्या डब्यांची खास हेरिटेज ट्रेन पण सोडतात, तिची तिकिटं वेगळी असतात आणि लवकर संपतात, त्यामुळे त्यात बसायचं असेल तर सप्टेंबरमध्येच चौकशी करा.

तिकिटाबद्दल नवीन माणसांसाठी: मशीनमधून कागदी तिकीट काढलं तर ट्रेनमध्ये चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, आणि फोनवर काढलं असेल तर प्रवासाच्या वेळी अ‍ॅपमध्ये चेक-इन करायचं. हे केलं नाही तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो. भाडं एका बाजूचं दहा युरोच्या आतच येतं. येतानाचं तिकीट पण सकाळीच काढून टाका, संध्याकाळी छोट्या स्टेशनवर मशीनसमोर ही गर्दी असते.

आणि पावसाचं बघा. हा डोंगर दरडींचा आहे, मे २०२३ च्या पुरात या लाइनचं खूप नुकसान झालं होतं आणि त्यानंतरही मोठा पाऊस झाला की काही भाग बंद ठेवून बदली बस सोडतात. म्हणून आदल्या रात्री एकदा आणि सकाळी निघायच्या आधी एकदा अ‍ॅपवर ट्रेन चालू आहे का ते बघायचंच. परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा, दरीत नेटवर्क कधी मिळतं कधी नाही, आणि शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका, तिच्या आधीची धरा. त्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली नाही तरी हातात अजून एक असते.

कार असेल तर बोर्गो सान लोरेन्त्सोवरून कोल्ला दी कासाल्या ही खिंड ओलांडून यावं लागतं, उंची ९१३ मीटर, नुसती वळणंच वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांनी सकाळी पोटभर खाऊन बसू नका. भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवंच. साग्राच्या दिवशी गावाच्या मधले रस्ते बंद असतात, गाडी बाहेर लावून चालत यायचं. खरं सांगायचं तर ट्रेनच बरी.

काय घालायचं, काय घ्यायचं

सकाळी ट्रेनमधून उतरलात की आठ-दहा डिग्री असू शकतं आणि दुपारी उन्हात अठरा, त्यामुळे एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. बूट मात्र चांगले ग्रिप असलेले, कारण बागेत ओली पानं आणि त्याखाली चेस्टनटची काटेरी बोंडं असतात, सँडलमध्ये किंवा कापडी बुटात ते काटे सरळ आत घुसतात. वरचा एखादा कपडा भडक रंगाचा असू द्या, लाल, केशरी, पिवळा, कसाही. फॅशनसाठी नाही सांगत, कारण पुढे येतंच.

बाकी कापडी पिशव्या दोन (एक खाऊला, एक कच्च्या चेस्टनटला, प्लास्टिकमध्ये त्या घामेजतात), पाण्याची बाटली, ओले टिश्यू कारण भाजलेले चेस्टनट सोलून बोटं काळी होतात, आणि सुटे पैसे. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं पण छोट्या शेतकऱ्याच्या स्टॉलवर मशीनला रेंज नसली की तुम्ही पण खोळंबता आणि मागची रांग पण. लहान बाळ असेल तर बाबागाडीपेक्षा कॅरिअर बरा, चढ आणि दगडी फरशी आहे.

ज्यांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी जरा जपून, कारण लॅटेक्स, केळं, अ‍ॅव्होकाडो, किवी आणि चेस्टनट या सगळ्यांची अ‍ॅलर्जी बऱ्याचदा एकत्र सापडते. आयुष्यात पहिल्यांदाच खाणार असाल तर आधी एकच खाऊन थोडं थांबा.

पोचल्यावर

दहाच्या आत पोचायचा प्रयत्न करा. स्टेशनवरून गावाचा मधला भाग चालत दहा-पंधरा मिनिटांवर. साग्राच्या दिवशी आत शिरायला छोटं तिकीट असतं, तिथेच गावाचा नकाशा मागून घ्या. पहिलं काम, दुपारी बसून जेवायचं असेल तर आत्ताच एखाद्या जेवणाच्या जागी जाऊन नाव सांगून या. इटलीत लहान गावात स्वयंपाकघर साडेबाराला चालू होतं आणि अडीचच्या सुमाराला बंद होतं, तीन वाजता भूक लागली म्हणून गेलात तर कॉफीशिवाय काही मिळणार नाही. दुसरं काम, टॉयलेट कुठे आहे ते बघून ठेवा, दुपारी रांग मोठी असते.

आणि मग लगेच खरेदी करू नका! सगळे स्टॉल एकदा नुसते फिरून बघा, कोणाकडे काय आहे, भाव काय लावलाय. ओझं घेऊन डोंगर चढण्यात काही अर्थ नाही, खरेदी परत येताना.

खायचं काय

पहिली पुडी ब्रुचातेची. ब्रुचाते म्हणजे विस्तवावर भाजलेले चेस्टनट, इथे मोठ्या जाळीच्या ड्रममध्ये किंवा भोकं पाडलेल्या तव्यात लाकडाच्या आगीवर भाजतात, धुराचा वास सगळ्या गावात भरलेला असतो. चव उकडलेल्या रताळ्याच्या जवळ जाते पण जास्त कोरडी, पिठूळ आणि कडेला जळका धुरकट स्वाद. गरम असतानाच सोलायचे, वरची जाड साल आणि आतली पातळ तपकिरी साल दोन्ही एका झटक्यात निघतात. गार झाले की ती आतली साल चिकटून बसते आणि मग नखांनी खरवडत बसावं लागतं. नुसते उकडलेले पण मिळतात, मऊ असतात, घरातल्या वयस्कर मंडळींना ते जास्त आवडतात.

तोर्ता दी मार्रोनी ही इथली खास गोष्ट. चेस्टनटच्या लगद्याचा, दूध-साखर-अंडी घालून केलेला ओलसर केक, दिसायला साधा, काळपट, वर काही सजावट नाही. एक तुकडा दोघांत घ्या, जड असतो. अंडं असतंच आणि बऱ्याचदा थोडी दारूही घातलेली असते, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्या.

ज्यांना अंडं, दूध, काहीच नको त्यांच्यासाठी कास्तान्याच्चो. चेस्टनटचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, वरून मनुका, चिलगोजासारख्या पाइनच्या बिया आणि रोजमेरी, एवढंच. साखर नाही, सोडा नाही, त्यामुळे फुगत नाही, पातळ वडीच होते आणि वरचा पापुद्रा तडकलेला असतो. पहिल्या घासाला बऱ्याच जणांना हे काय असं वाटतं, गोड म्हणावं तर गोड नाही, तिखट-मीठ तर नाहीच. दुसरा घास घ्या, सावकाश चावा. पिठाची स्वतःची गोडी हळूहळू कळायला लागते आणि मला विचाराल तर सगळ्या साग्रात सगळ्यात प्रामाणिक पदार्थ हाच.

तोर्तेल्ली दी मार्रोनी म्हणजे चेस्टनटचं सारण भरलेला पास्ता. यात लक्ष द्या, वरचा सॉस मांसाचा असू शकतो. व्हेज असाल तर "सेन्त्सा कार्ने" म्हणा, म्हणजे मांस नको, आणि बटर घालून देता का विचारा. आणखी एक गोष्ट व्हेज लोकांना कोणी सांगत नाही. मार्रादी कागदोपत्री तोस्कानात असलं तरी डोंगराच्या पलीकडच्या बाजूला आहे, लामोने फाएन्त्साकडे वाहत जाऊन एड्रियाटिक समुद्राला मिळते, त्यामुळे खाणंपिणं अर्धं पलीकडच्या रोमान्या या भागाचं आहे आणि रोमान्याची पियादीना सगळीकडे दिसते. आपल्या पोळीची आठवण येऊन हात आपोआप तिकडे जातो, पण पारंपरिक पियादीनाच्या कणकेत डुकराची चरबी घालतात, तिला स्त्रुत्तो म्हणतात. "सेन्त्सा स्त्रुत्तो?" असं विचारायचं, तेलावरची पण करतात बरेच जण. तळलेल्या पदार्थांना पण हाच प्रश्न. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान चीज पण नको, त्यात प्राण्यांचं रेनेट असतं, म्हणजे दूध फाडायला वापरतात ते वासराच्या पोटातलं द्रव्य.

डोंगरावरच्या बागेत

आता मुख्य गोष्ट. गावातून बाहेर पडणारे चढाचे रस्ते आणि पायवाटा पुष्कळ आहेत, लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेली खूण दिसली की ती डोंगरातली अधिकृत पायवाट. नकाशा देणाऱ्या माणसाला विचारा की तासाभरात जाऊन येण्यासारखी चेस्टनटच्या बागेतून जाणारी वाट कोणती, आवडीने सांगतात, कागदावर पेनाने काढून पण देतात. काही शेतकरी साग्राच्या दिवसांत बाग दाखवतात, पैसे घेऊन स्वतः वेचू पण देतात, चौकशी करण्यासारखं आहे, मुलं सोबत असतील तर नक्कीच.

नियम एकच आणि तो कडक आहे. वाटेवरून चालायचं आणि झाडाखालचं काही उचलायचं नाही. आपल्याला जंगल वाटतं, पडलेलं फळ कोणाचं नसतं असं वाटतं, पण ती बाग असते, कोणाच्या तरी मालकीची. ओळखायचं कसं सांगतो: झाडं एकमेकांपासून लांब लांब, खोड जाड आणि पसरलेलं, खालचं गवत एकदम बारीक कापलेलं, झुडपं काढलेली. ती साफसफाई उन्हाळ्याच्या शेवटी मुद्दाम करतात, म्हणजे बोंड पडून फुटलं की फळ दिसावं. फळ झाडावरून तोडत नाहीत, बोंड आपोआप उघडून खाली पडायची वाट बघतात, मग महिनाभर रोज-एक दिवसाआड वाकून गोळा करायचं, हातात जाड मोजे, कमरेला टोपली. जाळ्या पण लावतात काही ठिकाणी, पण उतारावर बरंचसं काम हातानेच होतं. हे पीक म्हणजे त्या घराची वर्षातली एक महत्त्वाची कमाई, मूठभर उचलली तरी ती त्यांच्या टोपलीतली. पाट्या लावलेल्या असतात, वाचता आल्या नाहीत तरी नियम तोच.

या झाडांनी अलीकडे बरंच सोसलंय. चीनमधून आलेली एक बारीक गांधीलमाशी २००२ मध्ये इटलीत पहिल्यांदा सापडली, ती कळीत अंडी घालते, मग पानांवर गाठी येतात, फळ धरत नाही, काही वर्षं इटलीभर पीक पार बसलं होतं. शेवटी तिच्यावर जगणारी दुसरी माशी आणून सोडली, तोरीमुस नावाची, आणि हळूहळू बागा सावरल्या. त्याच्या आधी खोडाला कॅन्सरसारखी जखम करणारी बुरशी होतीच. जुन्या खोडांवर तुम्हाला त्याचे व्रण दिसतील, वाळलेली फांदी कापून बाजूने नवी वाढवलेली दिसेल. एकेकाळी या डोंगरात गहू पिकत नव्हता तेव्हा लोक वर्षातले कितीतरी महिने याच पिठावर जगायचे, म्हणून इटालियन लोक याला भाकरीचं झाड म्हणतात.

वाटेत दगडी छोटी खोली दिसली, खिडकी नाही, छपरातून धूर येतोय किंवा भिंती काळ्या, तर तिथे थांबून बघा. ती चेस्टनट वाळवायची जागा. मध्ये लाकडी पट्ट्यांचा माळा, त्याच्यावर चेस्टनट पसरायचे आणि खाली मंद धुमसता विस्तव, तीस-चाळीस दिवस विझू द्यायचा नाही आणि भडकू पण द्यायचा नाही. मग साल काढून दळायचं. पिठाला जो धुराचा वास असतो तो इथला.

भडक कपड्याचं कारण आता सांगतो. ऑक्टोबर हा शिकारीचा पण सीझन आहे आणि रविवारी शिकारी डोंगरात असतात. रानडुकरांची हाकारा घालून शिकार चालू असेल तर वाटेवर पाटी लावतात, त्यावर "काच्चा आल चिंगियाले" असं लिहिलेलं असतं. पाटी दिसली की मागे फिरायचं, पुढे जाऊन बघू असं करायचं नाही. मशरूम दिसले तर हात लावू नका, ते गोळा करायला परमिट लागतं आणि विषारी कोणता ते ओळखणं आपलं काम नाही.

आणि विषारीवरून आठवलं, फ्लोरेन्सच्या बागांमध्ये, रस्त्याच्या कडेला जे चेस्टनट पडलेले दिसतात ते खाऊ नका! ते हॉर्स चेस्टनट, झाड पूर्ण वेगळं आणि फळ विषारी. फरक सोपा आहे. खाण्याच्या चेस्टनटचं बोंड बारीक दाट काट्यांनी भरलेलं, हातात धरता येत नाही, आतल्या फळाला टोक असतं आणि टोकाला बारीक शेंडी. हॉर्स चेस्टनटच्या बोंडाला थोडेच जाड काटे, फळ गोल गुळगुळीत, टोक नाही. पानावरून पण कळतं, खाण्याच्या झाडाचं पान एकेकटं, लांब, करवतीच्या कडेचं, आणि दुसऱ्याचं पाच-सात पानांचा पंजा.

खरेदी

तीनच्या सुमाराला खाली आलात की आता पिशव्या काढा.

स्टॉलवर दोन नावं दिसतील, मार्रोनी आणि कास्तान्ये, आणि भावात बराच फरक असतो. मार्रोनी मोठे, साल फिकट तांबूस आणि त्यावर गडद रेषा, महत्त्वाचं म्हणजे आतली पातळ साल गरात घुसलेली नसते म्हणून सोलायला सोपे. कास्तान्ये लहान, गडद, आतली साल घडीत अडकलेली, चव चांगलीच असते पण सोलायला वेळ. भाजायला आणि पाहुण्यांना द्यायला मार्रोनी घ्या, सूप किंवा उकडून लगदा करायचा असेल तर कास्तान्ये चालतात, पैसे वाचतात. इथल्या मार्रोनीला मार्रोने देल मुजेल्लो या नावाने १९९६ पासून युरोपियन युनियनचं आय-जी-पी संरक्षण आहे, आपल्याकडच्या जी-आय टॅगसारखं. त्या लेबलची पिशवी घेतली तर माल या भागातलाच याची खात्री, आणि लेबल नसलं तरी शेतकऱ्याला सरळ विचारा की बाग कोणत्या बाजूला आहे, जो स्वतः पिकवतो तो हात करून डोंगर दाखवतो.

निवडताना हातात घेऊन बघा, जड आणि घट्ट हवा, दाबला तर साल आत जाता कामा नये. चमक हवी. टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर आत किडा होता, तो निघून गेलाय. काही स्टॉलवर पाण्यात ठेवून मग वाळवलेले मार्रोनी पण असतात, काही दिवस पाण्यात भिजवून ठेवायची जुनी पद्धत आहे, ते जास्त टिकतात. फ्लोरेन्सला परत जाऊन दोन आठवडे पुरवायचे असतील तर तेच मागा.

पिठाबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. वर सांगितलं तसं वाळवायलाच महिना-सव्वा महिना जातो, म्हणजे या वर्षाचं पीठ नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरमध्ये येतं. ऑक्टोबरमध्ये स्टॉलवर जे पीठ आहे ते गेल्या वर्षीचं. वाईट असतं असं नाही, पण पाकिटावरची तारीख बघा, आणि शक्य असेल तर उघडलेल्या पाकिटाचा वास घ्या, गोडसर यायला हवा, खवट अजिबात नको. पिठासाठीच जायचं असेल तर डिसेंबरमध्ये परत या.

जॅम (मार्मेल्लाता दी मार्रोनी) भेटीला उत्तम, भारतात नेणार असाल तर चेक-इन बॅगेत, हँड बॅगेतून काढून घेऊ शकतात. कच्चे चेस्टनट मात्र विमानाने भारतात न्यायच्या भानगडीत पडू नका, बिया-फळांसाठी प्लांट क्वारंटाइनचे नियम आहेत, बंद पाकिटातलं पीठ आणि जॅम न्या.

ट्रेनला वेळ असेल तर

गाव लहान आहे, तासाभरात फिरून होतं. १७९२ चं थिएटर आहे, तेआत्रो देल्यी आनिमोझी, एवढ्याशा गावात, उघडं असेल तर आत डोकवा. कवी दिनो काम्पाना इथलाच, १८८५ चा जन्म, त्याचा कवितासंग्रह १९१४ मध्ये याच गावातल्या छापखान्यात छापला गेला.

आपल्यासाठी या डोंगरात आणखी एक गोष्ट आहे आणि ती इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत असावी असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या हिवाळ्याआधी, जर्मनांची गॉथिक लाइन नावाची बचावाची फळी याच रांगेतून जात होती आणि ती फोडणाऱ्या फौजांत भारताची आठवी डिव्हिजन होती, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. स्टेशनच्या नावात जी सेनियो नदी आहे ती शेजारच्याच दरीतून उगवून खाली मैदानात जाते, आणि त्याच सेनियोच्या काठावर ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात दोन जखमी साथीदारांना नदीपार आणून नंतर एकट्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो काठ मार्रादीपासून बराच खाली आहे, त्याच दिवशी होणार नाही. पण एखादी रात्र राहणार असाल आणि रेल्वे लाइन चालू असेल तर दुसऱ्या दिवशी फाएन्त्साला उतरून गाडी बदला, पुढच्या फोर्लीला इंडियन आर्मी वॉर सेमेटरी आहे. जाऊन या.

घरी आल्यावर

कच्चे चेस्टनट सुक्या मेव्यासारखे डब्यात भरून फडताळात ठेवू नका. त्यात पाणी भरपूर असतं, बाहेर राहिले तर आठवड्याभरात एकतर सुकून खुळखुळतात नाहीतर बुरशी धरतात. कागदी किंवा कापडी पिशवीत घालून फ्रिजमध्ये. आधी एकदा पाण्यात टाकून बघा, तरंगतील ते बाजूला काढा, त्यात बहुतेक किडके निघतात, बाकीचे नीट पुसून कोरडे करून ठेवा.

भाजताना फुगीर बाजूला सुरीने आडवी चीर द्यायची, साल पूर्ण कापली गेली पाहिजे. चीर नाही दिली तर आतली वाफ कोंडून चेस्टनट ओव्हनमध्ये फुटतो, आणि तव्यावर असेल तर उडून अंगावर येतो. अर्धा तास पाण्यात भिजवा, मग २०० डिग्रीला वीस-पंचवीस मिनिटं किंवा जाड तव्यावर झाकण ठेवून तेवढाच वेळ, मध्ये मध्ये हलवत. काढल्यावर जाड कापडात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, वाफेने साल सुटते. मग सगळ्यांनी मिळून लगेच सोलायला बसा.

पीठ आणलं असेल तर थालीपिठाच्या भाजणीत चौथा हिस्सा घालून बघा, कांदा जरा जास्त घ्या कारण पीठ गोड असतं. लाडू पण होतात, तुपावर मंद भाजायचं, पण बेसनापेक्षा फार लवकर लागतं तेव्हा हात थांबवायचा नाही आणि साखर नेहमीच्या निम्मीच. या पिठात ग्लूटेन नसतं, नुसत्या याच पिठाची पोळी लाटायला गेलात तर तुटते, थोडी कणीक मिसळा किंवा घावनासारखं पातळ भिजवून तव्यावर पसरवा. उरलेलं पीठ डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर ठेवलंत तर उन्हाळ्यात अळ्या होतात.